आग कुठे, बंब कुठे? तक्रारींचा पॅरेटो आलेख

दिवाळी संपते, परदेशी पाठवलेली फराळाची पार्सलं पोचतात आणि मग फोन सुरू होतात. न्यू जर्सीहून कुणीतरी चकलीच्या चुऱ्याचा फोटो पाठवतं. दुबईतला डबा पाडव्याऐवजी तुळशीच्या लग्नाला पोचलेला असतो. लंडनच्या मावशींना चिवडा मिळालेलाच नसतो, शेव मात्र दोनदा आलेली असते. घरगुती फराळ पाठवणाऱ्या एखाद्या बऱ्यापैकी चालणाऱ्या व्यवसायात हंगाम आवरेपर्यंत अशा शे-दीडशे तक्रारी सहज साठतात.

पुढच्या वर्षी यातलं काय आधी सुधारायचं, असं विचारलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं. पॅकिंग करणाऱ्या बायका म्हणतात कुरियर बदला. कुरियरवाला म्हणतो खोकी चांगली घ्या. मालकीणबाईंच्या कानात अजून त्या गिऱ्हाइकाचा आवाज घुमत असतो, ज्याने फोनवर सगळ्यात जास्त वेळ ऐकवलं. शेवटी काम बहुधा त्याच्याच तक्रारीवर होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हे टाळायला स्प्रेडशीटमध्ये काढता येणारा एक आलेख आहे : पॅरेटो आलेख. यात प्रत्येक प्रकारच्या तक्रारीसाठी एक उभा स्तंभ असतो, सर्वांत उंच स्तंभ डावीकडे आणि मग उतरत्या क्रमाने बाकीचे. त्यांच्यावरून एक रेघ चढत जाते. पहिल्या प्रकारात एकूण तक्रारींपैकी किती टक्के आल्या, पहिले दोन मिळून किती, पहिले तीन मिळून किती, असं ती सांगते. बस, एवढंच. आलेख काढायला पाच-दहा मिनिटं लागतात. त्याआधी काय मोजायचं आणि कोणत्या नावाखाली मोजायचं हे ठरवायला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि बहुतेक आलेख तिथेच फसतात. म्हणून आपणही तिथूनच सुरुवात करू. फराळाचं उदाहरण आणि त्यातले आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. आपला व्यवसाय शिवणकामाचा असो, गॅरेजचा असो की क्लासेसचा, पायऱ्या त्याच.

पहिली पायरी : प्रश्न नेमका करा

‘आमच्या अडचणी कोणत्या?’ या प्रश्नावर आलेख निघत नाही. ‘या हंगामात परदेशी गेलेल्या पार्सलांबद्दल गिऱ्हाइकांनी कोणत्या तक्रारी केल्या?’ यावर निघतो. कशाबद्दल, कुणाच्या आणि कोणत्या काळातल्या, ही तीन टोकं बांधली की काय मोजायचं आणि काय सोडायचं ते कळतं. कामगारांची गैरहजेरी, वाढलेला तेलाचा भाव, गिऱ्हाइकांच्या तक्रारी हे सगळं एकाच आलेखात कोंबलं तर शेजारी शेजारी उभ्या स्तंभांची तुलनाच होत नाही.

काळही जपून निवडा. फक्त दिवाळीच्या आठवड्याची नोंद घेतली तर उशीर हाच सगळ्यात मोठा दोष दिसणार, कारण त्या आठवड्यात सगळ्याच कुरियरांची तारांबळ असते. फराळासारख्या धंद्यात पूर्ण हंगाम घ्यावा. बारमाही धंद्यात दोन-तीन महिन्यांची नोंद हवी.

दुसरी पायरी : नोंदवही

एक्सेलमध्ये कोरं पान उघडा. पहिल्या ओळीत रकान्यांची शीर्षकं लिहा : तारीख, ऑर्डर क्रमांक, देश, खोक्याचा आकार, तक्रारीचा प्रकार, झालेला खर्च, शेरा. त्याखाली एका ओळीत एकच तक्रार. एकाच गिऱ्हाइकाने ‘उशिरा आलं आणि चकल्याही मोडल्या’ असं सांगितलं तर त्या दोन तक्रारी, म्हणून दोन ओळी. ‘उशीर व मोडतोड’ असं एका चौकटीत लिहिलंत तर संगणक तो तिसराच प्रकार समजेल.

चौकटी एकत्र जोडून सुंदर मथळे करायचा, मध्येच रिकामी ओळ सोडायचा किंवा प्रत्येक महिन्याखाली बेरीज लिहायचा मोह आवरा. वहीत ते छान दिसतं. स्प्रेडशीटमध्ये मात्र अशी रिकामी ओळ आली की यादी तिथेच संपली असं धरलं जातं, आणि पुढच्या तक्रारी गुपचूप गळतात.

तिसरी पायरी : प्रकार ठरवणं

इथे थोडं थांबू या, कारण सगळ्या आलेखाचा जीव या पायरीत आहे.

प्रकाराचं नाव म्हणजे गिऱ्हाइकाला काय दिसलं ते. ‘जिन्नस मोडले’ हा प्रकार झाला. ‘कुरियरने आपटलं’ हा झाला निवाडा, आणि तो आपण घरबसल्या देतो आहोत. खोकं आपटलं गेलं की मुळात सैल भरलं होतं, हे अजून कुणी तपासलेलं नाही. कारण शोधायचं काम आलेखानंतरचं आहे. ते आधीच नावात घुसवलं तर आलेख आपलंच मत आपल्याला रंगवून परत देतो.

त्याहून वाईट म्हणजे प्रकाराला माणसाचं किंवा टेबलाचं नाव देणं. ‘पॅकिंग विभागाची चूक’ असा स्तंभ उभा राहणार हे कळल्यावर पॅकिंग विभाग तक्रारी नोंदवणं कमी करतो. स्तंभ खाली येतो, चकल्या तितक्याच मोडतात.

प्रकार किती असावेत? सहा ते दहा पुरतात. तीन केले तर प्रत्येकात इतकं काही गोळा होतं की त्यावर काही करता येत नाही. पंचवीस केले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार तक्रारी येतात आणि आलेख सपाट होतो. ‘इतर’ हा प्रकार असावा, पण तो सगळ्यात लहानांत मोडला पाहिजे. ‘इतर’ पहिल्या तिनांत आला तर शेरे वाचून त्यातून एखादा नवा प्रकार काढावा लागेल.

आपल्या उदाहरणात आठ प्रकार धरू : जिन्नस मोडले, पार्सल उशिरा, जिन्नस कमी किंवा चुकीचा, खवट किंवा मऊ, पत्ता चुकीचा, पैशांचा घोळ, कस्टम्समधून परत आणि इतर.

चौथी पायरी : एकच नाव, एकाच तऱ्हेने

नोंद दोघा-तिघांनी केली की ‘पार्सल उशिरा’, ‘पार्सल उशीरा’, ‘उशिरा पार्सल’ आणि शेवटी एक जागा सुटलेलं ‘पार्सल उशिरा’ असे चार प्रकार तयार होतात. आपल्याला ते एकच वाटतात, संगणकाला चार. मग सर्वांत मोठी तक्रार चार तुकड्यांत विभागली जाऊन आलेखात तिसऱ्या-चौथ्या जागी जाऊन बसते.

देवनागरीत आणखी एक छुपी अडचण आहे. ‘ॲड्रेस’ मधलं पहिलं अक्षर काही कळफलकांवर एका अखंड चिन्हाने उमटतं, तर काहींवर ‘अ’ आणि वरचा चंद्र अशा दोन चिन्हांनी. ‘दुसऱ्या’ मधला ‘ऱ्या’ही दोन तऱ्हांनी टंकला जातो. डोळ्यांना फरक दिसत नाही, मोजणीत पडतो. दोन वेगवेगळ्या फोनांवरून आलेली नोंद एकत्र केली की हे हमखास घडतं. आकडेही सगळ्यांनी एकाच लिपीत भरावेत. भरलेला आकडा चौकटीत आपोआप उजवीकडे सरकला तर संगणकाने तो संख्या म्हणून घेतला आहे. डावीकडे चिकटून राहिला तर तो मजकूर समजला गेला आहे आणि बेरजेत धरला जाणार नाही.

यावर उपाय म्हणजे हाताने टंकायचंच नाही, यादीतून निवडायचं. वेगळ्या पानावर आठही प्रकार एकाखाली एक लिहा. मग नोंदवहीतला ‘तक्रारीचा प्रकार’ हा रकाना निवडून डेटा या टॅबमध्ये डेटा व्हॅलिडेशन उघडा. चौकटीत कोणतीही भलती गोष्ट भरता येऊ नये यासाठी असलेली ही सोय आहे. तिथे लिस्ट निवडा आणि स्रोत म्हणून ती आठ नावं दाखवा. आता चौकटीवर टिचकी मारली की बाण दिसतो आणि यादी उघडते.

जुनी नोंद आधीच हाताने भरलेली असेल तर त्या रकान्याला फिल्टर लावा. फिल्टरच्या यादीत जितकी नावं दिसतील तितके प्रकार संगणकाच्या लेखी आहेत. आठच्या जागी चौदा दिसली तर जादा नावांच्या ओळी गाळून काढा आणि त्यांत योग्य नाव यादीतून भरा. पुढेमागे सुटलेल्या मोकळ्या जागा काढायला ट्रिम नावाचं सूत्र आहे, पण थोड्या ओळी असतील तर हाताने केलेलं लवकर होतं.

पाचवी पायरी : मोजणी

मोजायला सर्वांत सोपी वाट म्हणजे पिव्होट टेबल. लांबलचक नोंदीतून आपल्याला हवा तसा गोषवारा काढून देणारं हे कोष्टक. नोंदवहीतल्या कुठल्याही चौकटीत जा, इन्सर्टमध्ये पिव्होट टेबल निवडा, होकार द्या. उजवीकडे शीर्षकांची यादी येते. ‘तक्रारीचा प्रकार’ ओळींच्या भागात ओढून टाका आणि तेच शीर्षक पुन्हा एकदा व्हॅल्यूजच्या भागात टाका. प्रत्येक प्रकाराच्या किती तक्रारी, ते समोर येतं.

पिव्होट टेबल सहसा आपणहून ताजं होत नाही, इतकं लक्षात ठेवा. नोंदवहीतला मजकूर बदलला की कोष्टकावर उजवी टिचकी मारून रिफ्रेश करावं लागतं, आणि तळाला नव्या ओळी भरल्या की चेंज डेटा सोर्समधून त्याही निवडाव्या लागतात. गेल्या आठवड्याचे आकडे या आठवड्याच्या बैठकीत दाखवले जातात ते बहुधा यामुळेच.

मोजणी झाली की प्रकार आणि आकडे नक्कल करून नव्या पानावर पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज म्हणून उतरवा. पुढचं काम तिथे करू. ए रकान्यात प्रकार, बी रकान्यात संख्या, पहिल्या ओळीत शीर्षकं, दुसरीपासून नवव्या ओळीपर्यंत आठ प्रकार. पिव्होटच्या तळाची एकूण बेरजेची ओळ इथे आणू नका. एकूण बेरीज आपण वेगळी, जरा खाली बी १२ या चौकटीत, सम हे सूत्र वापरून काढू. ती यादीला चिकटून ठेवली तर क्रम लावताना तीही यादीत ओढली जाते आणि ‘एकूण’ नावाची तक्रार पहिली येते! असा आलेख कुठे ना कुठे पाहायला मिळतोच.

सहावी पायरी : उतरता क्रम

‘इतर’ सोडून बाकीचे सात प्रकार आणि त्यांचे आकडे निवडा. डेटामध्ये सॉर्ट उघडा आणि बी रकान्यानुसार मोठ्यापासून लहानाकडे असा क्रम लावा. फक्त बी रकाना निवडून क्रम लावला तर आकडे हलतात, नावं जागच्या जागी राहतात आणि चकल्यांचा आकडा कस्टम्ससमोर जाऊन बसतो. एक्सेल अशा वेळी शेजारचा रकानाही घेऊ का, असं विचारतं. ते न वाचता पुढे जाऊ नका.

‘इतर’ किती का असेना, तळाला. तो एक प्रकार नसून किरकोळांची बेरीज आहे.

आपलं कोष्टक आता असं दिसेल : जिन्नस मोडले ५८, पार्सल उशिरा ४१, जिन्नस कमी किंवा चुकीचा २२, खवट किंवा मऊ १४, पत्ता चुकीचा ९, पैशांचा घोळ ६, कस्टम्समधून परत ४, इतर ६. एकूण १६०.

सातवी पायरी : चढती टक्केवारी

चढती बेरीज म्हणजे वरपासून या ओळीपर्यंतची बेरीज. सी रकान्यात पहिल्या प्रकारासमोर, म्हणजे सी २ मध्ये, बरोबरचं चिन्ह आणि बी २ लिहा. सी ३ मध्ये बरोबरचं चिन्ह, सी २ अधिक बी ३. या सी ३ चौकटीचा उजवा खालचा कोपरा धरून तळापर्यंत ओढा. शेवटच्या ओळीत १६० आले पाहिजेत. नाही आले तर पुढे जाऊ नका.

डी रकान्यात याचे टक्के काढायचे. डी २ मध्ये बरोबरचं चिन्ह, सी २, भागाकाराची तिरकी रेघ आणि एकूण बेरजेची चौकट बी १२. पण ती लिहिताना बी च्या आधी एक आणि १२ च्या आधी एक अशी डॉलरची खूण द्या. या खुणेचा अर्थ ‘सूत्र खाली ओढलं तरी ही चौकट हलवू नकोस’. खूण विसरलात तर पुढच्या ओळीत संगणक बी १३ शोधतो, ती रिकामी असते, शून्याने भागायची वेळ येते आणि रकानाभर चुकीची खूण दिसू लागते. घाबरायचं कारण नाही, पहिल्या सूत्रात डॉलर घालून पुन्हा खाली ओढा. मग रकाना निवडून होममधल्या टक्क्याच्या चिन्हावर टिचकी मारा.

आपल्याला मिळतील ३६, ६२, ७६, ८४, ९०, ९४, ९६ आणि १०० टक्के.

आठवी पायरी : आलेख

एक्सेल २०१६ पासून पॅरेटो आलेख तयारच मिळतो. नावं आणि संख्या हे दोनच रकाने निवडायचे, इन्सर्टमध्ये संख्याशास्त्रीय आलेखांच्या चित्रावर जायचं आणि पॅरेटो निवडायचा. क्रम लावणं, टक्के काढणं, रेघ ओढणं सगळं तोच करतो. झटपट पाहायला उत्तम. पण तो ‘इतर’लाही आकाराप्रमाणे मध्येच उभा करतो, आपल्या उदाहरणात कस्टम्सच्याही आधी, आणि त्यात आपल्या मर्जीची आणखी एखादी रेघ घालता येत नाही. कुणाला दाखवायचा असेल तर हाताने काढलेला बरा.

त्यासाठी ए आणि बी रकान्यांतला शीर्षकांसकटचा मजकूर निवडा. कंट्रोलची कळ दाबून धरून डी रकानाही निवडा. सी मधली चढती बेरीज नको, तिचं काम टक्के काढण्यापुरतं होतं. आता इन्सर्टमध्ये कॉम्बो आलेख निवडा. कॉम्बो म्हणजे एकाच चित्रात स्तंभ आणि रेघ. संख्येसाठी स्तंभ, टक्क्यांसाठी रेघ, आणि टक्क्यांसमोर सेकंडरी ॲक्सिस या चौकटीत बरोबरची खूण. सेकंडरी ॲक्सिस म्हणजे उजव्या बाजूचा दुसरा उभा मापपट्टा.

ही खूण राहिली तर रेघ तळाशी झोपलेली दिसते. कारण ३६ टक्के म्हणजे संगणकाच्या लेखी ०.३६, आणि ५८ च्या स्तंभाशेजारी ०.३६ जमिनीलाच टेकणार.

गूगल शीट्समध्ये पॅरेटो तयार मिळत नाही, पण कॉम्बो चार्ट आहे. चार्ट काढल्यावर कस्टमाइझ, मग सिरीज, तिथे टक्केवारी निवडून राइट ॲक्सिस. लिबरऑफिस कॅल्क फुकट मिळतं. त्यात कॉलम अँड लाइन हा आलेख घ्यावा आणि रेघेवर दोनदा टिचकी मारून ती दुसऱ्या वाय अक्षावर न्यावी.

नववी पायरी : मापपट्टे

आलेख आता दिसतो आहे, पण अजून तो खोटं बोलू शकतो. उजवीकडच्या मापपट्ट्याकडे पाहा. एक्सेल तो बऱ्याचदा १२० टक्क्यांपर्यंत नेतं. शंभर टक्क्यांच्या वर तक्रारी असूच शकत नाहीत. मापपट्ट्यावर उजवी टिचकी, फॉरमॅट ॲक्सिस, कमाल किंमत १. टक्केवारीत १ म्हणजे १००.

डावा मापपट्टा शून्यापासून सुरू होतो ना ते पाहा आणि त्याची कमाल किंमत एकूण तक्रारींइतकी, इथे १६०, ठेवा. स्तंभ बुटके होतात आणि पुष्कळांना ते आवडत नाही. पण त्यामुळे डाव्या आणि उजव्या बाजूंचा मेळ बसतो : ५८ चा स्तंभ आणि ३६ टक्क्यांचा बिंदू एकाच उंचीवर येतात. रेघ पहिल्या स्तंभाच्या माथ्यावरून निघून कोपऱ्यात शंभराला पोचली की आलेख बरोबर आहे. पहिला बिंदू हवेत तरंगत असेल तर मापपट्टे जुळलेले नाहीत.

स्तंभांमधली फट, म्हणजे गॅप विड्थ, पाच-दहा टक्क्यांवर आणा. एकच रंग पुरे. शीर्षकात काळ आणि एकूण आकडा लिहा : ‘परदेशी पार्सलं, दिवाळी हंगाम, १६० तक्रारी’. एकूण आकडा नसलेला आलेख वाचणाऱ्याला सोळा तक्रारींचा आहे की सोळाशेंचा, ते कळत नाही. ८० टक्क्यांची आडवी रेघ हवी असेल तर ई रकान्यात प्रत्येक ओळीत ०.८ लिहून तीही उजव्या मापपट्ट्यावर रेघ म्हणून घाला.

दहावी पायरी : वाचन

आता त्या ऐंशी टक्क्यांविषयी. व्हिल्फ्रेदो पॅरेटो (१८४८–१९२३) हा इटालियन अर्थशास्त्रज्ञ. संपत्ती आणि उत्पन्न समाजात किती असमान वाटलं गेलं आहे, याचा त्याने अभ्यास केला. कारखान्यातल्या दोषांशी त्या अभ्यासाचा काही संबंध नव्हता. थोड्या कारणांपोटी बहुतेक दोष निर्माण होतात, हे पाहून त्याला पॅरेटोचं नाव दिलं ते जोसेफ ज्युरान या गुणवत्ता-तज्ज्ञाने. त्याचं गुणवत्ता नियंत्रणावरचं जाडजूड हस्तपुस्तक १९५१ मध्ये निघालं आणि ही कल्पना कारखान्या-कारखान्यांत पसरली. पुढे १९७५ मध्ये ज्युरानने स्वतःच लेख लिहून कबुली दिली की हे नाव चुकीच्या माणसाला चिकटलं. त्याच्या पुस्तकातल्या चढत्या रेघा खरं तर १९०५ मध्ये मॅक्स लॉरेंझने वापरलेल्या पद्धतीच्या होत्या. नाव मात्र तेच राहिलं.

सांगायचा मुद्दा हा की ८०-२० हा निसर्गनियम नाही. आपल्याच आलेखात पहिले दोन प्रकार, म्हणजे आठांपैकी चतुर्थांश, ६२ टक्क्यांपर्यंत नेतात, आणि ऐंशीच्या पुढे जायला चार लागतात. म्हणून आलेख चुकला का? अजिबात नाही. रेघ कुठे तीव्र चढ सोडून सपाट होऊ लागते ते पाहा. इथे तिसऱ्या-चौथ्या प्रकारानंतर ती वाकते. त्याच्या उजवीकडच्या गोष्टींवर सध्या वेळ घालवायचा नाही, असं निदान संख्येवरून तरी दिसतं.

आणि रेघ कुठेच वाकली नाही, सगळे स्तंभ जवळजवळ सारखे निघाले तर? मग बहुधा प्रकार पाडण्याची तऱ्हा बदलायला हवी. तक्रारीच्या प्रकाराऐवजी देशानुसार किंवा खोक्यानुसार मोजून पाहा. नोंदवहीत ते रकाने आपण आधीच ठेवले आहेत, पिव्होट टेबलमध्ये नाव बदलायचं काम.

अकरावी पायरी : तोच आलेख, रुपयांत

माझ्या मते ही पायरी न करता कुणी पॅरेटो आलेखावरून निर्णय घेऊ नये. मोडलेली चकली आणि परत आलेलं पार्सल यांना आपण आतापर्यंत सारखंच, एकेक तक्रार म्हणून, मोजलं. खिशाला ते सारखे नाहीत.

नोंदवहीतला ‘झालेला खर्च’ हा रकाना पिव्होट टेबलच्या व्हॅल्यूजमध्ये टाका आणि मोजणीऐवजी बेरीज निवडा. उदाहरणापुरतं असं धरू : मोडतोडीत सरासरी १५० रुपयांची सूट द्यावी लागते, उशिराबद्दल २०० रुपये, कमी आलेला जिन्नस पुन्हा पाठवायला ४५०, खवट निघाला तर ६००, पत्ता दुरुस्त करायला ३००, पैशांच्या घोळात ५०, इतर १००. कस्टम्समधून पार्सल परत आलं की जाण्याचं भाडं, येण्याचं भाडं आणि माल, सगळं मिळून ४,५००.

गुणाकार करा. चौघांच्या परत आलेल्या पार्सलांचे १८,००० रुपये. अठ्ठावन्न मोडतोडींचे ८,७००. एकूण खर्च ५६,८०० रुपये, त्यातला सुमारे ३२ टक्के भाग फक्त चार तक्रारींचा. संख्येच्या आलेखात तळाशी लपलेला प्रकार रुपयांच्या आलेखात पहिला येऊन बसतो. दुसरा येतो जिन्नस कमी किंवा चुकीचा (९,९००), तिसरी मोडतोड.

आणि त्या चार पार्सलांवरचा उपाय कदाचित स्वस्त आहे. प्रत्येक देशाचे खाद्यपदार्थांचे नियम वेगळे. अमेरिकेत विक्रीचा खाऊ पाठवायचा तर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला आधी सूचना द्यावी लागते. पार्सलात काय आहे ते नीट, नावानिशी लिहावं लागतं. म्हणजे काम कागदपत्रांचं, खोकी बदलण्याचं नव्हे.

मग कोणता आलेख खरा? दोन्ही. पैसा वाचवायचा असेल तर दुसरा पाहा. पण गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येणार की नाही, हे १५० रुपयांच्या सुटीवरून कळत नाही. चुरा मिळालेली ५८ माणसं आपापल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो टाकतात, त्याचा खर्च कुठल्याच रकान्यात नाही. दोन्ही आलेख एकाच कागदावर, एकाखाली एक छापावेत आणि त्यावर बोलावं.

बारावी पायरी : सर्वांत उंच स्तंभ फोडा

‘जिन्नस मोडले’ यावर काम करायचं ठरलं तरी काय करायचं ते अजून कळलेलं नाही. म्हणून त्या ५८ तक्रारींचा वेगळा गोषवारा काढा, खोक्याच्या आकारानुसार. समजा दोन किलोच्या खोक्यांतल्या ३९ आणि एक किलोच्या खोक्यांतल्या १९ निघाल्या.

इथे लगेच मोठ्या खोक्याला दोष देऊ नका. खोकी पाठवली किती? दोन किलोची ३०० आणि एक किलोची ९०० गेली असतील तर मोडतोडीचं प्रमाण १३ टक्के आणि सुमारे २ टक्के. आता मोठ्या खोक्याकडे बोट दाखवायला आधार आहे. उलट मोठी खोकी ९०० आणि लहान ३०० गेली असती तर त्याच ३९ आणि १९ या आकड्यांवरून लहान खोकं अधिक वाईट ठरलं असतं. तक्रारींची नोंद सगळे ठेवतात. एकूण किती माल गेला याची नोंद देश आणि आकारानुसार ठेवणारे थोडे, आणि त्यावाचून ही पायरी करताच येत नाही. ती बिलांमधून निघते, थोडं शोधावं लागतं.

पुढच्या हंगामाची तुलना

मोठ्या खोक्यात मध्ये पुठ्ठ्याची आडवी फळी घातली, परदेशी पार्सलांचे कागद सुधारले, आणि पुढची दिवाळी झाली. नवा आलेख काढताना प्रकारांची नावं तीच ठेवा. मध्येच ‘मोडले’चे ‘चुरा झाला’ आणि ‘तुकडे झाले’ असे दोन केलेत तर स्तंभ आपोआप बुटका होईल आणि सुधारणा झाल्याचा भास होईल.

दोन्ही आलेखांचा डावा मापपट्टा एकाच कमाल किमतीवर बांधा. दोन वर्षांपैकी ज्या वर्षी एकूण तक्रारी जास्त, तो आकडा दोन्हींना द्या. आपापल्या मर्जीने सोडले तर १६० तक्रारींचं वर्ष आणि ८० तक्रारींचं वर्ष कागदावर सारख्याच उंचीचं दिसतं. या तुलनेपुरता कमी तक्रारींच्या वर्षाचा पहिला बिंदू स्तंभाच्या माथ्याला टेकणार नाही, ते चालेल. हवी तर टक्क्यांची रेघ काढून टाका. आणि पार्सलांची संख्या १,२०० वरून २,००० वर गेली असेल तर नुसत्या तक्रारी मोजून भागणार नाही, दर शंभर पार्सलांमागे किती ते काढा. पिव्होट टेबलशेजारी एक छोटा रकाना वाढवला की झालं.

पहिला स्तंभ खाली आला की दुसरा आपोआप पहिला होतो. ‘बघा, आता उशीर वाढला’ असं कुणीतरी म्हणेलच. उशिराच्या स्तंभावरचा आकडा तेव्हा आधी वाचून दाखवा : गेल्या वर्षी ४१ होते, यंदा किती आहेत?